भर किती ठेवायची?

सरकार बदललं आणि माझा नवरा घुमा झाला. हे मी कुणाला सांगायला गेले की लोक आधी हसतात. हसा म्हटलं, तुमच्या घरात नाही ना झालं.

आम्ही तासगावचे. स्टँडच्या मागं माझं मिरची कांडपाचं दुकान आहे, त्यामुळं माझा आवाज कायम चढा. यंत्राच्या वरताण बोलायची सवय. नवऱ्याचं नाव हिंदुराव खराडे. सांगली-कोल्हापूर भागात ज्यानं एकदा तरी कुस्तीचं मैदान बघितलंय त्याला हे नाव नवीन नाही. हे मैदानाचे निवेदक. हातात माईक आला की माणूस सुटायचा. पैलवानाच्या आज्ज्याचं नाव, वस्तादाचं नाव, कुणी कुणाला कुठल्या डावावर पाडलं, सगळं तोंडपाठ. हलगीवाला दमायचा, हे दमायचे नाहीत. आणि घरात? घरात मुके. "जेवायला वाढू का?" "हं." "भाजी कशी झालीय?" "हं." तीसेक वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला आले ते एवढे हुंकार. सगळे शब्द बाहेर उधळून यायचे नि घरी येऊन आडवे व्हायचे.

मग एका मैदानात, माईक हातात असतानाच, यांना झटका आला. बोलता बोलता आवाज बंद. लोकांना वाटलं, लाईट गेली. उजवा हात-पाय पुढं वर्षभरात बराचसा परत आला, पण बोलणं नाही आलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला शब्द जुळवायची जी जागा असते तिथलं रक्त अडलं होतं. ऐकलेलं सगळं कळतं, काय म्हणायचंय तेही आत असतं, पण तिथून जिभेपर्यंत येत नाही. एवढा मोठा बोलणारा माणूस, आणि पाणी मागायला ताटलीवर चमचा वाजवायचा. मला बघवायचं नाही.

त्या सुमाराला असल्या पेशंटांसाठी 'वाचा' नावाचं यंत्र निघालं होतं. कवटीच्या आत एक पातळ जाळी, कानामागं पट्टी, आणि गळ्यात एक डबी. आवाज त्या डबीतून यायचा. मिरजेच्या दवाखान्यात सना मुजावर नावाची स्पीच थेरपिस्ट होती, तिनं मला शेजारी बसवून नीट समजावलं.

"काकी, बोलायचं मनात आलं की मेंदूत बारीक बारीक विजेचे झटके उठतात. जाळी ते टिपते. पण काकांच्या बाबतीत दहा शब्दांतले दोनच धड सापडतात. बाकीचं नुसतं धुकं."

"मग दोन शब्दांत काय बोलणार?"

"तिथं कृत्रिम बुद्धिमत्ता येते. तिला काकांचं आजवरचं बोलणं ऐकवायचं. या माणसाला या वेळी, या माणसाशी काय म्हणायचं असेल, ते ती ओळखते आणि मधले शब्द स्वतः घालते. त्याला आम्ही भर म्हणतो."

"म्हणजे अंदाजपंचे."

"अंदाजच," सना म्हणाली. "पण शिकलेला."

आता ह्यांचं आजवरचं बोलणं म्हणजे काय, तर मैदानातली रेकॉर्डिंग. शौकिनांनी पेटारेच्या पेटारे जपून ठेवलेले. घरातलं कोण कशाला रेकॉर्ड करतंय? तेव्हा यंत्र शिकलं ते सगळं माईकवरचं. पहिल्या दिवशी मी ताट पुढं ठेवलं आणि डबीतून ह्यांच्याच खणखणीत आवाजात आलं, "वा रे वा! शालन खराडे यांची आमटी आज काय तयारीची आहे! टाळ्या झाल्या पाहिजेत, मंडळी!" स्वयंपाकघरात मंडळी म्हणजे मी नि मांजर. मी पदर तोंडात कोंबून हसले आणि मग तशीच रडले.

त्यानंतरचे दिवस मी कुणाची दृष्ट लागेल म्हणून कुणाला सांगितले नाहीत. नवरा बोलायला लागला. मिरचीचा खकाणा नाकात घेऊन घरी आले की "आल्या, आमच्या रणरागिणी आल्या" म्हणायचे. साडीला चांगलं म्हणायचे. जन्मात पहिल्यांदा माझं नाव घेऊन हाक मारायचे. आणि एका दुपारी, खिडकीशी बसले होते, बराच वेळ गप्प होते, आणि डबी बोलली, "हलगी नाही, मंडळी नाहीत, तरी सांगतो, शालन. तू नसतीस तर हा हिंदुराव कधीच चितपट झाला असता." मी लगेच साजूक तुपातला शिरा केला. डबीत साठलेला तो आवाज फोनवर घेऊन पुण्याला ऋतुजाला, आमच्या लेकीला पाठवला. ती म्हणाली, "आई, आप्पा असं बोलले?" म्हटलं, हो, असं बोलले. त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली.

तोवर दिल्लीत जे सरकार होतं त्यांचं धोरण मोकळं होतं. यंत्रं येऊ देत, लोक वापरू देत, भर किती घालायची ते कंपनी नि दवाखाना बघून घेतील. आमची भर ऐंशी टक्के होती. मग कुठंतरी लांब एक प्रकरण झालं. एका म्हाताऱ्याच्या डबीनं "घर धाकट्याच्या नावावर करा" असं वकिलासमोर स्पष्ट सांगितलं आणि नंतर कळलं, म्हाताऱ्याचा शब्द त्यात एकच होता, 'घर'. त्याला बहुतेक घरी जायचं होतं. झालं! निवडणूक तोंडावर आलेली. विरोधकांना आयतं मिळालं. 'तोंड तुमचं, शब्द कुणाचा?' असे फलक आमच्या स्टँडवर लागले. मला ते पटलंही होतं. कुणाच्या घरावर कुणी डबीतून डल्ला मारावा? मी मत दिलं, आणि ज्यांना दिलं ते आले.

आल्या आल्या त्यांनी पहिला अध्यादेश काढला तो यंत्रांच्या बोलण्यावर. भर जास्तीत जास्त दहा टक्के. म्हणजे प्रत्यय जोडायला, क्रियापद सारखं करायला, तेवढीच. बाकी शब्द माणसाच्या मेंदूतून आलेला असेल तरच डबीनं बोलायचा. त्याला नाव दिलं 'निखळ शब्द', आणि कायद्यात घातलं की निखळ शब्द हा त्या माणसाचाच समजला जाईल, कोर्टात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं. टीव्हीवर मंत्री हे सगळं कागद बघून वाचत होते. कागद कुणी लिहून दिला होता, त्यात भर किती, ते कुणी विचारलं नाही.

एका सकाळी डबीनं स्वतःहून नवा नियम उतरवून घेतला. मी चहा दिला.

"चहा," डबी म्हणाली.

"हो, चहा. कसा झालाय?"

बराच वेळ गेला. "गरम."

एवढंच. दुसऱ्या दिवशी "पाणी". "नको". "बास". लग्नानंतरचा हिंदुराव परत घरात येऊन बसला होता. मला आधी राग आला तो सरकारचा. मग हळूहळू दुसराच किडा डोक्यात शिरला. भर काढून घेतल्यावर जर एवढंच उरतंय, तर मग ती दोन वर्षं माझ्याशी गोड बोलत होतं कोण? ऋतुजाला विचारलं तर म्हणाली, "आई, असला विचार करू नकोस." असला विचार न करायला मी काय दगड आहे? दुकानात मिरच्या ओतताना, घरी भाकरी थापताना, एकच. ते बोलणं ह्यांचं होतं, का डबीचं?

ह्यांनाच विचारायचं धाडस मात्र होईना. 'डबीचं' म्हणाले असते तर?

आणि अशात एक दिवस हे चपला घालून उंबऱ्यात उभे राहिले आणि डबी म्हणाली, "जातो."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आपल्यात पानाच्या टपरीवर निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. जातो म्हणायचं नसतं, ते फक्त एकाच जाण्याला असतं. मी धावत जाऊन ह्यांना आत बसवलं. दुसऱ्या दिवशी परत. "जातो." चार दिवस हेच. मी दुकान बंद ठेवलं, विळी-चाकू वर टाकले, गोळ्यांचं पाकीट पदराला बांधून फिरू लागले.

निखळ शब्द दवाखान्यात आपोआप पोचायचे, तसा नियमच होता. मिरजेहून बोलावणं आलं. कायद्यात होतं की पेशंटनं निखळ शब्दांत जगण्या-मरण्याबद्दल काही म्हटलं तर ते डावलता येणार नाही, समितीनं बघायचं. खरंच त्याची इच्छा तशी असेल तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, जाळीची देखभाल, सगळं थांबवायचा त्याला हक्क. हक्क म्हणे!

समितीत एक डॉक्टर, एक वकीलबाई आणि एक सरकारी अधिकारी. तिघंही आपल्याकडचेच. आणि गंमत बघा, तिघांपैकी एकाच्याही तोंडून तो शब्द निघेना.

"पेशंटनी, अं, तो शब्द किती वेळा वापरला?"

"त्या शब्दाच्या आधी-नंतर काही?"

"हिंदुरावजी, तुम्ही जे म्हणताय, ते विचारपूर्वक म्हणताय का?"

हे त्यांच्याकडं बघत होते. "जातो," डबी म्हणाली. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सना मध्ये पडली. "एक सांगू का? काका आधीपासून हेच म्हणत होते. भर ऐंशी असताना यंत्र त्याचं 'येतो' करायचं. बाहेर निघालेला माणूस येतो म्हणतो, हे ते शिकलं होतं. काकांच्या मेंदूत अर्थ शाबूत आहे, निघण्याचा. 'येतो' म्हणायची रीत त्या आजारात गेली."

"म्हणजे यंत्र खोटं बोलत होतं," अधिकारी म्हणाले.

मला राहवलं नाही. "अहो साहेब, मग आपण सगळेच खोटारडे. तुम्ही आज घरातून निघताना बायकोला काय म्हणालात?"

साहेब पुढ्यातले कागद चाळायला लागले.

"पण हे नुसते निघताहेत का," डॉक्टर सावकाश म्हणाले, "की दुसरं काही, ते कळायचं कसं?"

मला एकदम लक्षात आलं की इतक्या दिवसांत आम्ही कुणीच ह्यांना साधा प्रश्न विचारला नव्हता. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये, ही सासूबाईंची पहिल्या दिवसापासूनची ताकीद. मी लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं. समितीतल्या शिकलेल्या माणसांनीही विचारलं नाही. जळो ती रीत म्हटलं.

"अहो," मी विचारलं, "कुठं?"

प्रश्न झाला आणि शब्द सुटला. "मैदान!"

जत्रेचं मैदान आठवड्यावर आलं होतं. डॉक्टर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी ह्यांच्या दंडावर एक चापट मारली, सगळ्यांसमोर. त्या रविवारी आम्ही मैदानात गेलो. माईक दुसऱ्याच्या हातात होता. हे मातीच्या कडेला बसून प्रत्येक कुस्ती बघत होते आणि मधूनच "चूक" म्हणत होते, ते निवेदकाला की पैलवानाला, कळलं नाही.

असं वर्ष गेलं. मला त्या कायद्याचा राग होताच, पण आता तो आधीसारखा सरळ राहिला नव्हता. मग दिल्लीत आघाडी फुटली, त्यांच्यातलेच काही जण उठून पलीकडं गेले आणि तिसरंच सरकार आलं. त्यांना आधीच्यांसारखंही दिसायचं नव्हतं आणि त्यांच्या आधीच्यांसारखंही. मग त्यांनी मधला मार्ग काढला, भर किती ठेवायची ते घरच्यांनी ठरवावं. जवळच्या नातेवाइकाची सही. एकदा सही झाली की पाच वर्षं बदल नाही.

सनाचा फोन आला. "काकी, आता तुमच्या हातात आहे. काकांना घेऊन या."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी नवं पातळ नेसून गेले. ऐंशी. माझं ठरलं होतं. कुणाचं का बोलणं असेना, मला ते परत हवं होतं. उरलेलं आयुष्य कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारावी, आमटीला टाळ्या पडाव्यात, यात मी कुणाचं काय घेत होते?

सनानं टॅबलेट पुढं ठेवला. "किती ठेवू, काकी?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"नको."

"काय नको?"

"भर."

"का नको? माणसासारखं चार वाक्यं बोलत होता की हो!"

ह्यांनी माझं मनगट सोडलं आणि बोट डबीवर ठेवलं. "तो," डबी म्हणाली. मग बराच वेळ गेला. "तो बोलतो. मी ऐकतो."

सनानं मान खाली घातली. माझं मात्र डोकंच फिरलं. "म्हणजे दोन वर्षं मला शालन शालन करत होती ती ही डबी? तुम्ही नुसते ऐकत बसला होता?"

"थोडं मी."

"थोडं कोणतं?" मी आता थांबणार नव्हते. वर्षभर जे गिळून ठेवलं होतं ते आलंच वर. "त्या दुपारी खिडकीत बसून म्हणालात, तू नसतीस तर. त्यात तुमचं काय होतं? खरं सांगा. एक शब्द असला तरी चालेल मला."

कुठली दुपार, ते ह्यांना विचारावं लागलं नाही. लगेच मान हलली.

"चितपट," डबी म्हणाली.

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. "आणि?"

"चितपट. बास."

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. त्या दुपारी हा माणूस मला सांगत होता की मी हरलो, संपलो. त्याच्याकडं एकच शब्द होता आणि तो त्यानं मला दिला होता. डबी शिकली होती ती निवेदकाचं बोलणं, हरलेल्या पैलवानाचंही कौतुक करणारं. तिनं त्या शब्दाच्या भोवती माझी स्तुती गुंडाळली. आणि मी शिरा केला. ह्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला. पुढचे कितीतरी महिने मी ते वाक्य फोनवर लावून लावून ऐकत होते, आणि हे पलीकडच्या खोलीतून तेच ऐकत होते.

जे ऐकून आम्ही सगळे घाबरलो, समिती बसवली, ते नुसतं मैदानाला जाणं होतं. आणि जे खरोखर मरणाचं होतं त्याच्यावर मी तूप ओतलं.

मला हुंदका आवरेना. सना पाणी घेऊन आली. तिला खुणेनं थांबवलं. आता मला विचारायचं होतं, आणि आता उत्तर खरंच येणार होतं, म्हणून भीती वाटत होती. ऐंशीवर असते तर भीती वाटली नसती.

"आणि आता?" मी म्हटलं. "आता कसं आहे? अजून तसंच?"

हे माझ्याकडं बघत राहिले. कपाळावर आठी आली, ओठ हलले, डबी गप्प.

"आता," डबी म्हणाली.

"हं. आता काय?"

"भूक."

मी डोळे पुसले, सनाला म्हटलं, "दहा लिही," आणि पिशवीतून भाकरीचा डबा काढला.